दखनीला आडनाव कशाला?

कोशात भाषेची नोंद कोणत्या नावाखाली करायची, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. दखनीच्या बाबतीत मात्र तो आपल्या घरातला आहे. बाबूराम सक्सेनांनी 1952 साली तिच्यावर पुस्तक लिहिले, नाव दिले ‘दक्खिनी हिंदी’. उर्दूचे इतिहासकार तिला ‘कदीम उर्दू’ म्हणतात. भाषांना तीन अक्षरी संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत तर ती ‘डेक्कन’ आहे! पुण्यात डेक्कन म्हणजे बसथांबा. कोणत्या आईने लेकराला ‘डेक्कन बोल’ म्हटले आहे?

मी पिंपरी-चिंचवडमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. लातूर, बीड, सोलापूरकडून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आलेल्या कामगारांची ही मुले. ‘मेरेकू नको’, ‘मैंच लाया’ असे बोलतात. त्यातला ‘नको’ आणि ‘च’ सरळ मराठीचा. रजिस्टरात त्यांची मातृभाषा उर्दू लिहिली जाते आणि तोंड उघडताच तीच ‘बिगडी हुई उर्दू’ ठरते. वजहीने ‘सबरस’ लिहिले 1635 साली, गोवळकोंड्यात. मीर आणि सौदा तर सोडाच, औरंगाबादचा वलीसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. मग कोण कुणाची बिघडलेली?

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे 1 कोटी 29 लाख, मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे 75 लाख. या 75 लाखांत घरी दखनी बोलणारे किती? कळायला मार्ग नाही, कारण जनगणनेच्या 121 भाषांच्या यादीत दखनी हे नावच नाही.

आमचेच काही उर्दूप्रेमी म्हणतात, दखनी वेगळी काढली तर उर्दूची संख्या घटेल, शाळांवर गदा येईल. ही भीती मला समजते, माझी नोकरीही त्याच शाळेत आहे. पण आमच्याकडे भोजपुरी, अवधी बोलणाऱ्या घरांतली मुलेही उर्दूतूनच शिकतात. त्यांच्या घरच्या बोलीमुळे शाळेला कुलूप लागलेले नाही. पालक माध्यम निवडतात ते कोशातला मथळा वाचून नव्हे.

तेव्हा कोशकारांना मागणे एवढेच, की नोंदीचे शीर्षक नुसते ‘दखनी’ असावे. ‘दक्खिनी हिंदी’ आणि ‘दखनी उर्दू’ या शब्दांपुढे ‘पहा : दखनी’ लिहावे, म्हणजे शोधणाऱ्याची अडचण होणार नाही. आणि उदाहरणे केवळ विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारातली नकोत, भोसरीच्या चाळीतल्या नळावरचीही द्यावीत.