तारीख ठरली, तयारीचे काय?

विशेष प्रतिनिधी

१३ जुलै २०२४. महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस. पहाटे ३ वाजता एचडीएफसी बँकेने आपल्या मुख्य संगणकप्रणालीचे स्थलांतर हाती घेतले. दुपारी साडेचारपर्यंत, साडेतेरा तास, हे काम चालेल अशी सूचना ग्राहकांना आधीच देण्यात आली होती. 'यूपीआय' कोणत्या वेळेत बंद राहील, एटीएममधून रक्कम काढण्यावर मर्यादा असेल आणि खात्यात आदल्या सायंकाळी साडेसातची शिल्लक दिसेल, हेही बँकेने कळवले होते. नऊ कोटींहून अधिक ग्राहकांपैकी बहुतेकांना आज तो शनिवार आठवतही नसेल. प्रणालीबदलाच्या कामात याहून मोठे यश नसते.

असाच एक शनिवार-रविवार ब्रिटनमधील 'टीएसबी' बँकेच्या वाट्याला २०१८ मध्ये आला होता. तो मात्र तेथील ग्राहक, संसद आणि नियामक यांपैकी कोणीही विसरलेले नाही. जुनी संगणकप्रणाली व्यवहार न थांबवता बदलणे हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे, असा समज असणाऱ्यांनी या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

जुने का टिकते?

बँक, विमा कंपनी, रेल्वे किंवा शेअर बाजार यांचा कणा असलेली सॉफ्टवेअर अनेकदा दोन-तीन दशके जुनी असतात. ती टिकतात ती निव्वळ आळसामुळे नव्हे. व्याजाची आकारणी कशी करायची, पैशांचे पूर्णांकन कोठे करायचे, एखाद्या जुन्या योजनेतील खातेदाराला कोणती सवलत द्यायची, असे हजारो नियम त्यांत वर्षानुवर्षे साठलेले असतात. त्यांपैकी कित्येक कागदावर कोठेच नसतात आणि ते लिहिणारे कर्मचारी निवृत्त झालेले असतात. प्रणाली मात्र रोज रात्री बिनबोभाट हिशेब जुळवून देत असते. साहजिकच, चालत्या गोष्टीला हात लावण्याची जोखीम कोणताही संचालक स्वतःच्या कारकिर्दीत घेऊ इच्छित नाही.

तथापि, लांबणीवर टाकण्यालाही किंमत असते. मुंबईतील 'मल्टी कमॉडिटी एक्स्चेंज' (एमसीएक्स) या वायदे बाजाराने ती रोख मोजली. बाजाराची व्यवहारप्रणाली '६३ मून्स' या कंपनीची होती आणि तिचा करार सप्टेंबर २०२२ मध्ये संपत होता. 'टीसीएस'कडे सोपवलेली नवी प्रणाली तोपर्यंत तयार झाली नाही. त्यामुळे जुन्या पुरवठादाराकडे मुदतवाढ मागावी लागली. पहिल्या तिमाहीसाठी ६० कोटी रुपये, पुढील दोन तिमाहींसाठी प्रत्येकी ८१ कोटी आणि जुलै २०२३ पासून तिमाहीला १२५ कोटी रुपये असा हा चढता दर होता. सप्टेंबर २०२३ अखेरच्या तिमाहीत 'एमसीएक्स'ला सुमारे १९ कोटींचा तोटा झाला, त्यामागे हा खर्च प्रमुख होता. ज्याच्या हाती जुन्या प्रणालीची किल्ली, त्याच्या हाती दर, हे सूत्र यातून स्पष्ट झाले.

पैशाचा असा ताण असताना नवी प्रणाली घाईने सुरू करण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. ३ ऑक्टोबर २०२३ ही तारीख जाहीरही झाली होती. परंतु 'सेबी'ने ती थांबवण्यास सांगितले. आणखी चाचण्या झाल्या, सराव-व्यवहार झाले आणि १६ ऑक्टोबरला बदल पार पडला. तेरा दिवसांचा हा विलंब तुलनेने स्वस्तच म्हणावा लागेल.

टीएसबीचा धडा

टीएसबी ही 'लॉइड्स' समूहातून वेगळी झालेली बँक. २०१५ मध्ये ती स्पेनच्या 'सबादेल' बँकेने विकत घेतली, तरी तिचे व्यवहार लॉइड्सच्याच भाड्याच्या प्रणालीवर चालत होते. तेथून सबादेलच्या प्रणालीवर जाण्याचा मुहूर्त नोव्हेंबर २०१७ चा होता. तो हुकला आणि २० ते २२ एप्रिल २०१८ हे दिवस मुक्रर झाले. सुमारे ५२ लाख ग्राहकांचा बहुतांश कारभार एकाच सप्ताहअखेरीस हलवण्यात आला.

लक्षणीय बाब अशी की, खात्यांची माहिती सुखरूप पोहोचली होती. कोसळली ती नवी व्यवस्था. रविवारी सायंकाळी सेवा सुरू होताच लोक खात्याबाहेर अडकले. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना ऑनलाइन बँकिंग वापरता येईना. काहींना तर दुसऱ्यांचीच खाती दिसली. सारे सुरळीत होण्यास डिसेंबर उजाडला. सव्वादोन लाख तक्रारी आल्या, भरपाईपोटी ३ कोटी २७ लाख पौंड द्यावे लागले आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

बँकेनेच नेमलेल्या विधी संस्थेच्या चौकशी अहवालात या अपयशाची कारणमीमांसा सापडते. पहिली तारीख हुकल्यावर नवे वेळापत्रक आखले गेले ते शिल्लक कामाचा हिशेब मांडून नव्हे, तर हवी ती अंतिम तारीख धरून मागे मोजत. दोन माहिती केंद्रे एकाच वेळी चालणार असताना भार सोसण्याच्या चाचण्या एकाच केंद्रावर घेतल्या गेल्या. मुख्य पुरवठादार ८५ अन्य पुरवठादारांवर विसंबून होता. 'सर्व सज्ज आहेत ना?' हा प्रश्न त्या प्रत्येकाला नेटाने विचारला गेला नाही. यांपैकी एकही चूक संगणकाची नाही. त्या संचालक मंडळाच्या खोलीतील चुका आहेत.

वड आणि ताड

मग मार्ग कोणता? मुंबईकरांना इमारतींच्या पुनर्विकासाचा अनुभव आहे. जुनी इमारत पाडण्यापूर्वी रहिवाशांची सोय कोठे, हा पहिला प्रश्न असतो. प्रणालीबदलातही तसेच. एचडीएफसी बँकेने दाखवलेली आदल्या सायंकाळची शिल्लक आणि मर्यादित रक्कम काढण्याची मुभा हे त्या साडेतेरा तासांचे संक्रमण शिबिरच होते.

दुसरा मार्ग तुकड्यातुकड्याने बदलण्याचा. ताडाच्या झाडावर रुजलेला वड हळूहळू मुळे खाली सोडतो आणि कालांतराने स्वतःच्या बळावर उभा राहतो. ऑस्ट्रेलियातील अशाच झाडांवरून ब्रिटिश सॉफ्टवेअर तज्ज्ञ मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये एक पद्धत मांडली. जुन्या प्रणालीचे एकेक काम नव्या प्रणालीकडे वळवायचे आणि शेवटी जुनीकडे काहीच उरले नाही की ती बंद करायची. स्टेट बँकेनेही २००३ नंतरच्या पाच वर्षांत हजारो शाखा टप्प्याटप्प्यानेच केंद्रीय प्रणालीवर आणल्या. एखाद्या शाखेत गफलत झाली तरी ती त्या शाखेपुरती राहते, हा या पद्धतीचा मोठा गुण.

ही पद्धत अर्थात फुकट नाही. काही काळ दोन्ही प्रणाली पोसाव्या लागतात आणि दोहोंचे आकडे रोज ताडून पाहावे लागतात. शिवाय परतीची वाट राखावी लागते. नव्या प्रणालीवर खरे व्यवहार नोंदले जाऊ लागले की ही वाट दर तासाला बिकट होत जाते. म्हणून 'कोणत्या क्षणापर्यंत मागे फिरता येईल आणि तो निर्णय कोण घेईल' हे आधीच लेखी ठरलेले असावे लागते.

बदल पार पडला म्हणजे काम संपले, असेही नाही. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'एमसीएक्स'चे व्यवहार सकाळी ९ ऐवजी दुपारी १ वाजता सुरू झाले. दिवसअखेरीच्या फाइली तयार होण्यास विलंब झाला होता. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा चार तासांहून अधिक काळ बाजार ठप्प झाला. ग्राहक-संकेतांकांसाठी प्रणालीत आधी ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली होती.

जबाबदारी कोणाची?

नियामकांनी याकडे गांभीर्याने पाहावयास सुरुवात केली आहे. सेवा वारंवार खंडित झाल्याने रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल सेवा आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली होती. ती पूर्णपणे उठण्यास मार्च २०२२ उजाडला. माहिती-तंत्रज्ञानाच्या कारभाराची जबाबदारी संचालक मंडळावर टाकणारे निर्देशही १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. ब्रिटनने आणखी एक पाऊल टाकले. टीएसबीच्या माजी माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना एप्रिल २०२३ मध्ये ८१ हजार ६२० पौंडांचा वैयक्तिक दंड झाला.

पगार अडकतो, घराचा हप्ता चुकतो, औषधाच्या दुकानात कार्ड चालत नाही, तेव्हा त्याचा भुर्दंड प्रथम ग्राहकाला पडतो. अहवाल आणि दंड कित्येक महिन्यांनी येतात. म्हणूनच 'काही तास सेवा बंद राहील' या सूचनेवर चिडण्याचे कारण नाही. आधी सांगून घेतलेली विश्रांती ही सज्जतेची खूण असू शकते. चिंता करावी ती तारीख घोषित करून तयारीबद्दल मौन पाळणाऱ्यांची. वेळापत्रक कामावरून ठरते की काम वेळापत्रकात कोंबले जाते, हा प्रश्न भागधारकांनी आणि नियामकांनी बदलाच्या आधी विचारला पाहिजे. नंतर त्याचे उत्तर चौकशी अहवालातच मिळते.