निगेटिव्ह गेली, मग दुसरी प्रत कुठे आहे?

मे महिना तोंडावर आला की मुंबईतल्या घोडपदेव, काळाचौकी, लालबागच्या घराघरांत गावी जाण्याची तयारी सुरू होते. तिकिटांची धावपळ होते, बॅगा माळ्यावरून खाली येतात, आणि ज्या घरात नुकतीच कुणाला नोकरी लागली आहे तिथे कॅमेऱ्याचाही विषय निघतो. वर्षातून एकदा जमणारी चुलत-मावस भावंडे, गावची जत्रा, वेंगुर्ल्याचा किनारा, थकत चाललेली आजी हे सगळे फोनपेक्षा नीट टिपावे ही इच्छा रास्तच आहे. मग फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन दुकानांत शोध सुरू होतो. चर्चा होते ती मेगापिक्सेलची, झूमची, कंपनीच्या नावाची. पैसे मोजून झाल्यावर कार्डाची आठवण होते आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड घेतले जाते. घरी परतल्यावर फोटो कुठे ठेवायचे, हा प्रश्न तर खरेदीच्या वेळी कुणी विचारतच नाही. माझे म्हणणे असे, की हा क्रम उलटा करायला हवा. फोटो कुठे राहणार ते आधी ठरवावे, त्या हिशेबाने कार्डे घ्यावीत आणि मग उरलेल्या पैशांत मिळेल तो कॅमेरा घ्यावा.

या आग्रहामागचे कारण रोलच्या काळात सापडते. घरात ॲग्फा क्लिक थ्री असला तर एका रोलवर बारा फोटो निघत. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात छत्तीस. रोल धुऊन आला की ग्राहकाच्या हातात दोन गोष्टी पडत: कागदावरचे फोटो आणि लांब पाकिटात घातलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. फोटो अल्बममध्ये जात, त्यातले काही गावच्या घरी भिंतीवर लागत, आणि निगेटिव्ह मुंबईच्या खोलीत कपाटात राहत. ज्यांच्याकडे कॅमेराच नव्हता ते स्टुडिओत जात आणि तिथली निगेटिव्ह बहुधा स्टुडिओवाल्याकडेच असे. या भागातल्या गिरणीत तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाने दुसऱ्या प्रतीचा कधी विचार केला नसेल, पण ती त्याला आपोआप मिळत होती. गावच्या घराला गळती लागून भिंतीवरचा फोटो गेला तरी पाकिटातली पट्टी नेऊन नवा फोटो काढता येई. डिजिटल कॅमेऱ्याने रोलचा खर्च वाचवला, फोटो तिथल्या तिथे दाखवला, हजारो फोटोंची सोय केली. पण न मागता मिळणारी ही दुसरी प्रत मात्र काढून घेतली. आज शटर दाबल्यावर जे तयार होते ते एका कार्डावर एकदाच लिहिले जाते. दुसरी प्रत आता आपण मुद्दाम केली तरच होते, आणि तिचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत धरलेला नसतो.

मेमरी कार्ड ही काही कायम साठवणुकीची वस्तू नव्हे. १९८०च्या दशकात तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीवर ही कार्डे चालतात. माहिती अतिसूक्ष्म पेशींमध्ये विद्युतभाराच्या रूपात अडकवून ठेवलेली असते, आणि न वापरता वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार हळूहळू कमी होऊ शकतो. त्याहून जास्त धोके रोजच्या हाताळणीतले असतात. फोटो लिहिला जात असताना कार्ड बाहेर काढले जाते, बॅटरी ऐन वेळी संपते, कुणीतरी चुकून फॉरमॅट करते, कार्डातली नियंत्रक चिप अचानक बंद पडते. मायक्रो एसडी कार्ड तर नखाएवढे असते. खिशातून पडले तर वाळूत शोधून सापडत नाही. ज्यांचे पोट फोटोंवर चालते त्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. निकॉनने २०१८ मध्ये झेड ६ आणि झेड ७ हे कॅमेरे आणले तेव्हा त्यांत कार्डासाठी एकच खाच होती, आणि लग्नकार्यांचे फोटो काढणाऱ्यांनी जगभर त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. २०२० मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्त्यांत दोन खाचा होत्या, म्हणजे एकच फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिण्याची सोय. लग्न पुन्हा लावता येत नाही, हे त्या छायाचित्रकारांना ठाऊक असते. आजीबरोबरचा या वर्षीचा मे महिनाही पुन्हा येत नाही. फरक एवढाच की इथे नाराज होणारे गिऱ्हाईक नसते.

आता पैसे कुठून वाचवायचे ते पाहू, कारण इथेच विक्रेत्यांच्या आकड्यांनी बराच गोंधळ घातला आहे. चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपके या चांगल्या दर्जाने छापायचा तर १२०० गुणिले १८००, म्हणजे सुमारे २२ लाख पिक्सेल लागतात. म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. भिंतीवर लावायच्या आठ बाय बारा इंची फोटोला साधारण पावणेनऊ लागतात. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर तरी सव्वाआठ मेगापिक्सेलच असतात. त्यामुळे २० आणि ४० मेगापिक्सेलमधल्या फरकासाठी जादा पैसे मोजणे सहलीच्या फोटोंसाठी बहुतेकदा वायाच जाते. खरा फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतल्या १/२.३ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर असते. 'एक इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या सेन्सरचे ११६च्या आसपास, म्हणजे चौपट, आणि एपीएस-सी सेन्सरचे त्या २८च्या तेरापट. तिन्हीसांजेला माजघरात, दिव्याच्या उजेडात माणसांचे चेहरे स्वच्छ यायचे असतील तर हा आकार उपयोगी पडतो. झूम पाहायचा तो भिंगाचा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणे, ते घरी बसूनही करता येते. एक पिढी जुना, नीट तपासून घेतलेला वापरलेला कॅमेरा या सगळ्या कसोट्यांना उतरू शकतो. मुंबईच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून वापरलेली वस्तू घेताना भिंग उजेडात धरून पाहावे आणि घरी आणल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे. यातून जे वाचेल ते कार्डांना आणि डिस्कला द्यावे. एकूण रकमेचा किमान दहावा भाग आधीच बाजूला काढावा, असे मी म्हणेन.

कार्डांचा हिशेब सोपा आहे. चोवीस मेगापिक्सेलचा जेपेग फोटो सुमारे दहा एमबीचा धरला आणि दहा दिवस रोज दोनशे फोटो काढले, तरी वीस जीबीच होतात. व्हिडिओ मात्र जागा खातो: सेकंदाला शंभर मेगाबिटने फोर-के चित्रण केले तर तासाला ४५ जीबी जातात. म्हणून फोटोच काढणाऱ्याला ३२ जीबीची दोन कार्डे आणि व्हिडिओची हौस असणाऱ्याला ६४ किंवा १२८ जीबीची दोन कार्डे पुरतात. एकच मोठे कार्ड का नको? दोन असली तर एखादे हरवण्याची शक्यता वाढते, हा आक्षेप खरा आहे. पण एक गेले तर निम्मी सुट्टी जाते, सगळी जात नाही. आणि सहल अर्ध्यावर आली की पहिले कार्ड काढून कॅमेऱ्याच्या बॅगेऐवजी दुसऱ्या कुणाच्या तरी सामानात ठेवता येते. वेगाच्या बाबतीत पाकिटावरचा सर्वांत मोठा आकडा बहुधा वाचनाचा असतो. कॅमेऱ्याला गरज लिहिण्याच्या वेगाची असते आणि त्याची हमी 'यू ३' किंवा 'व्ही ३०' या खुणा देतात: सेकंदाला किमान ३० एमबी. वरच्या शंभर मेगाबिटच्या चित्रणाला साडेबारा एमबीच लागतात, तेव्हा महागड्या 'व्ही ९०' कार्डाची सहलीला गरज नाही.

त्याच पैशांची गरज अस्सल कार्डासाठी आहे. फुटपाथवर किंवा अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडे अविश्वसनीय किमतीला मिळणाऱ्या बनावट कार्डांत क्षमता खोटी नोंदवलेली असते. आत सोळा जीबी असतात, कॅमेऱ्याला पाचशे बारा दिसतात. सोळा भरले की पुढचे फोटो वरवर लिहिल्यासारखे दिसतात आणि प्रत्यक्षात आधीच्या फोटोंवर लिहिले जातात किंवा हवेत विरतात. हे कळते ते घरी आल्यावर. पावतीसह घ्यावे, आणि निघण्यापूर्वी कार्ड पूर्ण भरून सगळ्या फाइली पुन्हा वाचून पाहणारे एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री हे मोफत प्रोग्रॅम एकदा चालवावेत. रात्रभराचे काम आहे, पण ते फुकट आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. हातात फोन असताना कॅमेरा, कार्ड, डिस्क हा खटाटोप कशाला? फोटो तर आपोआप क्लाउडवर जातात. यातला पहिला भाग मला बराचसा मान्य आहे. २०१० साली जगभरात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते. २०२३ मध्ये ती संख्या ऐंशी लाखांच्याही आत आली. लोकांनी आपला निर्णय दिला आहे आणि उजेडात काढलेल्या साध्या फोटोंसाठी तो बरोबर आहे. कॅमेऱ्यापुरते पैसे नसतील तर फोनच वापरावा आणि डिस्क तेवढी घ्यावी. माझ्या क्रमात डिस्क कॅमेऱ्याच्या आधीच येते. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र पटत नाही. गूगल फोटोजने २०१५ मध्ये अमर्याद मोफत साठवणुकीचे दार उघडले आणि जून २०२१ पासून नव्या फोटोंसाठी ते बंद केले. आता मोफत जागा १५ जीबी, तीही ईमेलसकट. दहा एमबीचा एक फोटो या मापाने तिथे दीड हजार फोटोसुद्धा नीट मावत नाहीत. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरणही गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. घरातला एखादा माणूस गेला आणि त्याच्या खात्यात कुणी शिरले नाही, तर त्याच्या फोटोंचे काय होणार याचे उत्तर या धोरणात आहे. शिवाय व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक ग्रुपवर टाकलेला फोटो सर्वांकडे असतो हे खरे, पण नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर तो आकसलेला असतो. ती दुसरी प्रत नव्हे. क्लाउड वापरावाच, फक्त एकमेव घर म्हणून नव्हे.

घोडपदेवसारख्या वस्तीला इथे एक मोठा लाभ आहे आणि तो विकत घ्यावा लागत नाही. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. अनेक शहरी कुटुंबे अडतात ती या तिसऱ्या अटीपाशी, कारण त्यांना वेगळे ठिकाणच नसते. इथल्या बहुतेक कुटुंबांना मात्र दोन घरे आहेत: एक मुंबईतले आणि एक कोकणातले किंवा घाटावरचे. रामभाऊ भोगले मार्गावर न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या इमारती असोत की आजूबाजूच्या पुनर्विकासाच्या वाटेवरच्या चाळी, इथला माणूस गेली शंभर वर्षे दोन पत्त्यांवर जगत आला आहे. मग दोन साध्या हार्ड डिस्क घ्याव्यात. एक इथे, एक गावी. चाळ रिकामी करून संक्रमण शिबिरात जाताना सामानाची किती वाताहत होते हे या भागाला सांगायला नको. आणि गावचे घर सुरक्षित म्हणावे, तर २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या घरांत आणि दुकानांत शिरलेले पाणी फार जुने नाही. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी संकट येण्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. २००५च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या आणि त्याच दिवसांत मुंबई पाण्याखाली गेली. म्हणूनच तिसरी प्रत हवी, आणि तिच्यासाठी क्लाउडची ती १५ जीबी उपयोगाची आहे. सगळे फोटो तिथे घालायचे नाहीत, वर्षातले निवडक दोन-अडीचशे घालायचे.

एवढा वेळ कुणाला आहे, असे विचारले जाते, आणि जे हजारो फोटो कुणी पुन्हा पाहतही नाही ते जपायचे कशाला, असेही. दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे उत्तर आहे: पुन्हा पाहिले जाणारे थोडेच असतील, तर थोडेच निवडून जपावेत. परतीच्या प्रवासात, गाडीत बसल्या बसल्या, नकोसे फोटो डोळ्यांनीच ठरवावेत आणि निवड घरी संगणकावर करावी. धक्के खाणाऱ्या गाडीत कॅमेऱ्यावरूनच पुसायला गेले की नको ते पुसले जाते. चुकून पुसलेच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये, म्हणजे फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने बहुतेकदा परत मिळतात. निवडलेल्यांतले पंचवीस-तीस कागदावर छापून घ्यावेत. त्याला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, आणि गावच्या म्हाताऱ्या माणसांना हातात घेऊन बघायला तेच आवडतात.

दोन्ही डिस्कवर फोटो उघडून दिसल्याखेरीज कार्ड रिकामे करू नये, आणि करताना ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. डिस्कची ने-आण कधी करायची, याचे वेळापत्रकही कोकणातल्या माणसाने वेगळे आखायला नको. मेमधले फोटो भरलेली डिस्क गणपतीला गावी न्यावी आणि गावी असलेली मुंबईला आणून तिच्यावरही तेच फोटो उतरवावेत. घाटावरच्या कुटुंबांनी हेच दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला करावे.