परतीचा दोर

7 सप्टेंबर 2024. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रात्र होती. बोइंगचं स्टारलायनर यान पॅराशूटना लटकत व्हाइट सँड्सच्या जमिनीवर अलगद उतरलं. आत कुणीच नव्हतं. ज्या दोघांनी त्यातून परतायचं होतं, ते सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर चारशे किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकात थांबले होते. या यानातून माणसं आणायची नाहीत, हे 'नासा'ने दोन आठवड्यांपूर्वी जाहीर केलं होतं. आठ-दहा दिवसांसाठी वर गेलेले ते दोघं 18 मार्च 2025 रोजी, 286 दिवसांनी, पृथ्वीवर परतले.

रिकामं यान सुखरूप उतरलं आणि एक युक्तिवाद सुरू झाला. बघा, काही झालं नाही! त्यात ते दोघं बसले असते तर सुखरूपच आले असते. भित्र्यांनी उगाच सहा महिने वाया घालवले. मग या तक्रारीच्या आडून मोठा सिद्धान्त पुढे येतो. अवकाशयात्रा आता कागद भरणाऱ्यांच्या हाती गेली आहे. जोखीम शून्य कधीच होत नसते. दर्यावर्दी आणि गिर्यारोहक असे शंका काढत बसले असते तर माणूस किनाऱ्यावरच राहिला असता. अंतराळवीर स्वखुशीने जीव पणाला लावतात, मग त्यांना अडवणारे आपण कोण? आणि मराठी माणूस हे बोलत असेल, तर शेवटी कोंढाण्याचा दाखला ठरलेलाच: परतीचे दोर कापल्याशिवाय गड हाती येत नाही.

हा पूर्वपक्ष मी सबंध मांडला, कारण त्यात तथ्य आहे. जोखीम शून्य नसतेच. व्यावसायिक यानांसाठी 'नासा'ने घातलेली अटच 270 मोहिमांमागे एकदा दल गमावण्याइतकी जोखीम मान्य करते. असा आकडा विमान कंपनीने छापला तर तिचं एकही तिकीट खपणार नाही. अंतराळात जायचं तर हा हिशेब स्वीकारूनच जावं लागतं आणि जावं, असं माझं ठाम मत आहे. माझा वाद आहे तो 'काही झालं नाही' या तीन शब्दांशी. त्या शब्दांनी आजवर चौदा माणसं मारली आहेत.

स्टारलायनर स्थानकाजवळ पोचत असताना त्याच्या 28 छोट्या थ्रस्टरपैकी पाच बंद पडले. चार पुन्हा चालू झाले, पण ते का बंद पडले होते हे नीट कळेना. हेलियम गळत होता. जमिनीवर तसाच थ्रस्टर तापवून पाहिला, तेव्हा उष्णतेने टेफ्लॉनचं सील फुगून इंधनाची वाट अडवत असल्याचं दिसलं. वर असलेल्या यानातही तेच घडलंय का आणि उतरताना ते वाढेल का, याचं खात्रीचं उत्तर कुणाकडे नव्हतं. थ्रस्टर ज्या भागात होते तो भाग परतताना जळून जाणार होता, त्यामुळे नंतर उघडून बघायचीही सोय नव्हती. अशा वेळी यान उतरलं यावरून ते उतरलं एवढंच सिद्ध होतं. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा पलीकडे पोचला, म्हणून रस्ता मोकळा होता असं ठरत नाही.

मराठीत यासाठी एक फार नेमका शब्द आहे: पचणं. 'मागच्या वेळी पचलं, या वेळीही पचेल.' अंतराळयानांच्या अपघातांचा इतिहास मी वाचतो तेव्हा हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पानावर भेटतं.

स्पेस शटलच्या दोन्ही बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असत. जोडावरून तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून रबराच्या कड्या, म्हणजे ओ-रिंग बसवलेल्या असत. या कड्यांना झळ लागायलाच नको होती. तरी नोव्हेंबर 1981 मध्ये, शटलच्या दुसऱ्याच उड्डाणात, एक कडी वायूने खाल्लेली आढळली. पुढे अनेकदा आढळली. प्रत्येक वेळी शटल सुखरूप परतलं, त्यामुळे कडी थोडी झिजणं ही हळूहळू नेहमीची बाब झाली. धोक्याची खूणच सुरक्षिततेचा पुरावा म्हणून मोजली जाऊ लागली. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पुढे या प्रक्रियेचा सखोल अभ्यास केला आणि त्यांचा निष्कर्ष अंगावर येतो: यात कुणी खलनायक नव्हता. सभ्य, हुशार, कामसू माणसं रोज एकेक पायरी खाली उतरत गेली.

27 जानेवारी 1986 च्या रात्री फ्लोरिडात पारा गोठणबिंदूखाली जाणार होता. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइस्जोली आणि अर्नी थॉम्प्सन दूरध्वनी-बैठकीत जीव तोडून सांगत होते, की थंडीत रबर कडक होतं, जोड वेळेत बंद होत नाही, 12 अंश सेल्सिअसखाली उडवू नका. कंपनीने आधी तशी शिफारसही केली. 'नासा'च्या अधिकाऱ्यांना ती रुचली नाही. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसात वेगळी चर्चा केली. त्यात एकाला इंजिनिअरची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगण्यात आलं आणि शिफारस फिरली. केप कॅनॅव्हरलला हजर असलेल्या अॅलन मॅक्डॉनल्ड यांनी कागदावर सही करायला नकार दिला. ती दुसऱ्याने केली. सकाळी तापमान 2 अंशांच्या आसपास असताना चॅलेंजर उडालं आणि 73 सेकंदांत सात माणसं गेली. त्यांत न्यू हॅम्पशायरची शाळाशिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ होती.

त्या रात्री प्रश्नच उलटा केला गेला, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. एरवी 'हे सुरक्षित आहे' हे उडवणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. त्या रात्री 'हे असुरक्षित आहे' हे अभियंत्यांनी सिद्ध करावं अशी अपेक्षा होती. त्यांच्याकडे पुरेसे आकडे नव्हते. असणार कुठून? इतक्या थंडीत आधी कुणी उडवलंच नव्हतं. पुढे चौकशी आयोगासमोर रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला, तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी नोंदवलेली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. शटल गमावण्याची शक्यता व्यवस्थापन लाखात एक सांगत होतं आणि प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एक. एकाच इमारतीत जोखमीचे दोन आकडे नांदत होते, हजारपटीच्या फरकाने.

'अंतराळवीर स्वखुशीने जातात' हा युक्तिवाद इथेच कोसळतो. स्वखुशी होती, पण कोणत्या आकड्याला? एव्हरेस्ट चढणारा आपल्या डोळ्यांनी कडा बघतो, आभाळ बघतो आणि मागे फिरायचं तर स्वतः फिरतो. अंतराळवीर पाठीवर आडवा, पट्ट्यांनी बांधलेला असतो. त्याच्याखाली कोणता जोड कडक झालाय, हे दुसऱ्याने सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. चॅलेंजरच्या सात जणांना आदल्या रात्रीच्या बैठकीचा पत्ता नव्हता.

आणि कोंढाण्याची कथा दाखल्याला आणता, तर ती नीट आठवा. तानाजी पडल्यावर मावळे कड्याकडे धावू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापले आणि दोर कापल्याचं त्यांना ओरडून सांगितलं. मावळे परत वळले ते हे ऐकून, सगळं समजून. चॅलेंजरमध्ये दोर कापला गेला होता, पण वर बसलेल्यांना ते कुणी सांगितलं नाही. या दोन गोष्टींना एकच 'धाडस' हा शब्द लावणं मावळ्यांवर अन्याय आहे आणि त्या सात जणांवरही.

सतरा वर्षांनी तेच पुन्हा घडलं. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया उडाल्यावर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. फेस पूर्वीही गळून पडत असे, तेही पचलेलं होतं. पंखाची अवकाशातून छायाचित्रं मिळवावीत म्हणून अभियंत्यांनी केलेल्या विनंत्या वर पोचून विरल्या. 1 फेब्रुवारीला आपली कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती परतीच्या वाटेवर, जमिनीपासून काही मिनिटांवर असताना गेले. नंतर टेक्सासमध्ये तसाच फेस तोफेने पंखाच्या नमुन्यावर मारला, तेव्हा जवळजवळ हातभर भोक पडलं. नुकसान वेळेत कळलं असतं, तर तयारीत असलेलं अटलांटिस सुटकेला पाठवता येणं अवघड होतं, पण अशक्य नव्हतं, असं चौकशी मंडळाने लिहून ठेवलं. बघितलंच नाही, त्यामुळे प्रयत्नही झाला नाही.

आता विरुद्ध टोकाच्या लोकांनाही उत्तर द्यायला हवं, कारण भित्रेपणा सावधगिरीचा वेष घेऊन येतो हे मला नाकारायचं नाही. कोलंबियानंतर, जानेवारी 2004 मध्ये, 'नासा'चे तेव्हाचे प्रमुख शॉन ओ'कीफ यांनी हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीची शेवटची मोहीम रद्द केली. यानाला इजा झाली तर हबलच्या कक्षेतून स्थानकाच्या आसऱ्याला जाता येत नाही, हे कारण खरं होतं. पण त्याचं उत्तर 'जाऊच नये' हे नव्हतं. पुढचे प्रमुख मायकेल ग्रिफिन यांनी 2006 मध्ये निर्णय फिरवला. मे 2009 मध्ये अटलांटिस हबलकडे झेपावलं, तेव्हा एन्डेव्हर दुसऱ्या प्रक्षेपणतळावर सुटकेसाठी सज्ज उभं होतं. पाच अवकाशचाली झाल्या, हबल पुन्हा तरुण झाली. जोखीम तेवढीच राहिली, पण ती चारचौघांत मोजली गेली आणि तिच्यासाठी दोर बांधला गेला. यंत्रमानवच पाठवा म्हणणाऱ्यांनी त्या पाच अवकाशचालींत माणसाच्या हातांनी काय काय केलं ते बघावं. मी माणसं पाठवण्याच्या बाजूचाच आहे.

अपोलोच्या काळातली हिंमत आता उरली नाही म्हणणाऱ्यांनी तो काळ नीट वाचलेला नाही. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1 च्या कक्षात जमिनीवरच्या चाचणीत आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट, चॅफी तिघंही गेले. आत शुद्ध प्राणवायू, तोही वातावरणापेक्षा जास्त दाबाने भरलेला होता. दार आत उघडणारं होतं. आणि रॉकेटमध्ये इंधन नाही म्हणून ती चाचणी धोक्याची मानलीच नव्हती. त्यानंतर वीस महिने एकही अमेरिकी माणूस अवकाशात गेला नाही. दार बदललं, ते बाहेर उघडू लागलं. प्रक्षेपणतळावर प्राणवायूत नायट्रोजन मिसळला, जळणाऱ्या वस्तू काढल्या. त्या चौकशी मंडळावर फ्रँक बोर्मन नावाचा अंतराळवीर होता. जळालेला कक्ष त्याने तपासला होता. तोच बोर्मन डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 घेऊन थेट चंद्राभोवती गेला. सॅटर्न-5 वर तोवर माणूस बसलेला नव्हता आणि त्या रॉकेटच्या आधीच्या उड्डाणात दोन इंजिनं मध्येच बंद पडली होती. इतका धाडसी निर्णय अवकाशयात्रेत क्वचितच झाला असेल. पण तो घेण्याआधी बिघाडाचं कारण शोधून दुरुस्त केलेलं होतं. ज्याने राख तपासली, त्यालाच पुढे इतकं दूर जाता आलं, याला मी योगायोग मानत नाही.

आपल्या इतिहासातही असा एक दोर आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 26 सप्टेंबर 1983 रोजी बैकानूरमध्ये सोयुझ रॉकेट तळावर उभं असतानाच पेटलं. रॉकेट फुटण्याच्या काही क्षण आधी टोकावरच्या सुटका-मनोऱ्याने व्लादिमीर तितोव आणि गेनादी स्त्रेकालोव यांना कक्षासकट उपटून दूर फेकलं. दोघंही वाचले. सहा महिन्यांनी, 3 एप्रिल 1984 रोजी, राकेश शर्मा त्याच बैकानूरहून झेपावले, तेव्हा त्यांच्या यानात फ्लाइट इंजिनिअर होता तोच स्त्रेकालोव. जोखीम काय असते हे अंगावर घेतलेला माणूस पुन्हा त्याच जातीच्या रॉकेटवर बसला. तसाच मनोरा 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एका सोयुझच्या उड्डाणात कामी नसता आला, कारण तो आधीच सुटून गेला होता. तेव्हा कक्षाच्या आवरणावरच्या सुटका-मोटरींनी निक हेग आणि ओव्चिनिन यांना फुटत्या सोयुझपासून दूर नेलं. सुनीता विल्यम्सना आणायला सप्टेंबर 2024 मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून गेलेल्या यानाचा कमांडर हाच हेग होता.

म्हणून 'गगनयान' या आपल्या मानवी अवकाशमोहिमेला उशीर होतोय यावर चिडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. 2018 च्या स्वातंत्र्यदिनी 2022 ची तारीख सांगितली गेली, ती हुकली, पुढच्याही हुकल्या. तारीख हुकल्याचं दुःख मलाही आहे. पण गगनयानच्या रॉकेटलाही घन इंधनाचे, तुकड्यांनी जोडलेले बूस्टर आहेत. त्यांच्या आवरणांचं काम पवईत आणि वालचंदनगरात झालेलं आहे. त्या जोडांवर चौथी, पाचवी शंका काढणाऱ्या माणसाला तारखेचा धाक वाटता कामा नये. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्लांच्या उड्डाणाआधी फाल्कन रॉकेटमध्ये द्रव प्राणवायूची गळती सापडली, तेव्हा दुरुस्ती आणि गळतीची चाचणी झाल्याशिवाय उडायचं नाही, असा आग्रह इस्रोच्या पथकाने धरला. उड्डाण लांबलं, 25 जूनला झालं. परक्या भूमीवर, परक्या कंपनीच्या रॉकेटपुढे असं 'थांबा' म्हणायला छाती लागते.

माझं मागणं इतकंच आहे, की हा आग्रह घरच्या रॉकेटपुढेही तसाच राहावा, उलटमोजणी थांबवण्याचा अधिकार खालच्या अभियंत्यालाही असावा आणि चौकशांचे अहवाल लोकांना वाचायला मिळावेत. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्यात गगनयानच्या सुटका-यंत्रणेची चाचणी होती. पाच सेकंद उरले असताना संगणकाने मोजणी थांबवली. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी लगेच समोर येऊन ते देशाला सांगितलं. कारण सापडलं, दुरुस्त झालं आणि सकाळी दहा वाजता रॉकेट उडालं. कक्ष सुटला, पॅराशूट उघडले, बंगालच्या उपसागरात तो उतरला, पण पाण्यात उलटा. तोही तसाच, उलटा तरंगताना, सगळ्या देशाने पाहिला.