वीजदराचा लवचिकपणा आणि कामगाराची पाळी

कारखान्याने वीज कोणत्या तासाला वापरावी, हा प्रश्न आता केवळ इंजिनियरांचा राहिलेला नाही. केंद्राच्या २०२३ च्या वीजग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनी १० किलोवॅटवरील उद्योगांसाठी १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर आकारण्याचे बंधन घातले: सौर तासांत वीज स्वस्त, कमाल मागणीच्या तासांत नेहमीच्या किमान १.२० पट महाग. यामागील अर्थशास्त्र खोटे नाही. दुपारची सौर वीज वाया जाऊ नये, सायंकाळी कोळसा कमी जळावा, यास समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो वाकायचे कोणी, हा. शीतगृह दुपारीच अधिक थंड करून ठेवता येते, पाण्याची टाकी भरून ठेवता येते. तेथे यंत्र वाकते. परंतु इचलकरंजी-भिवंडीतील यंत्रमाग सायंकाळी थांबला, की कापडाच्या मापावर मजुरी घेणाऱ्याची मजुरीही थांबते. मालकाचे बिल उतरते, तूट मात्र कामगाराच्या ताटात! महाराष्ट्रात दीर्घकाळ रात्रीच्या विजेला सवलत होती. तेव्हा कामगाराची झोप खर्ची पडली. आता सवलत दुपारकडे सरकली, म्हणून त्याची पाळी मधोमध तोडायची काय?

पाळीबदलापूर्वी २१ दिवसांची सूचना देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातले होते. वीजदराच्या आडून ते तत्त्व पुसले जाता कामा नये. पाळीबदल करारानेच व्हावा, थांबविलेल्या तासांची मजुरी मिळावी आणि वीजबिलातील बचतीत कामगारास वाटा असावा, या मागण्या संघटनांनी आजच मांडल्या पाहिजेत. तासांचा हिशेब मालकाच्या मीटरवर सोडून देणारी संघटना उद्या पाळीवरील हक्कही गमावून बसेल.