खांब हवेत, पण सावली देणारे

माझी नोकरी नकाशे काढण्याची. टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग कागदापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं हाताखालून गेलं. आता निवृत्त होऊन जळगाव जामोदला घरीच असतो, पण कुठे नगरपरिषदेची नवी इमारत उठतेय म्हटलं की नजर आधी दर्शनी बाजूवर जाते. हल्ली बऱ्याच ठिकाणी तिथे उंच ‘रोमन’ खांब, वर त्रिकोणी माथा आणि मधे निळी काच दिसते. आमचे लोक त्याला एलिव्हेशन म्हणतात. खांब भिंतीला चिकटवलेले, जेमतेम फूटभर पुढे. त्यांच्यावर ना कशाचा भार, ना त्यांची कुणाला सावली.

रुबाबाला माझा विरोध नाही. गावाची कचेरी दुकानांच्या कॉम्प्लेक्ससारखी दिसू नये, हे मलाही पटतं. पण मग नक्कल अस्सलाची करा ना!

मुंबईचा टाऊन हॉल बघा, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे तो. आराखडा कर्नल थॉमस काऊपर या लष्करी इंजिनिअरचा. बांधकाम 1833 मध्ये पुरं झालं, तोवर काऊपर हयात नव्हता. पैशासाठी आधी चक्क लॉटरी काढली होती. ती पुरली नाही, तेव्हा सरकारला हात घालावा लागला. समोर ग्रीक डोरिक पद्धतीचे आठ खांब आहेत. त्यांना खाली बैठक नाही, थेट जोत्यावरून उठतात, अंगावर उभ्या पन्हळी. खांब आणि मागची भिंत यांच्यामध्ये माणसांना ऐसपैस उभं राहता येईल अशी खोल जागा सोडली आहे. इमारतीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन आधी त्या ओसरीत अडतं, मग दारापाशी पोचतं. पुढे तीस पायऱ्या. 1858 मध्ये राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. सरकार वर आणि रयत खाली, हा त्या बांधणीचा खरा अर्थ. आज त्याच पायऱ्यांवर पोरं पुस्तकं घेऊन बसतात, ते मला फार आवडतं.

इतकं लांब जायचं नसेल तर नागपूर आहे. वऱ्हाडातल्या किती घरांनी शेतीच्या वादापायी त्या हायकोर्टाच्या चकरा मारल्या असतील! 1940 मध्ये खुली झालेली ही वालुकाश्मी इमारत हेन्री मेड यांची. खर्च 7,37,746 रुपये. घुमट 109 फुटांवर, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते मधलं बागेचं अंगण आणि दगडी फरशीचे व्हरांडे. नागपूरचा उन्हाळा गृहीत धरून काढलेला नकाशा आहे तो.

आपला उन्हाळा काही वेगळा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. भिंतीला चिकटलेल्या खांबाची सावली तेव्हा त्याच्याच बुडाशी संपते. घरपट्टी भरायला आलेली म्हातारी उन्हात, आणि काचेमागचा बाबू एसी लावून. त्या एसीचं बिलही पुन्हा घरपट्टीतूनच!

तीस पायऱ्या मात्र आपल्याला नकोत. त्या म्हातारीला गुडघे आहेत. तीन-चार पायऱ्या आणि बाजूने कठडा असलेला सोपा उतार पुरे.

नगरसेवकांना माझं सांगणं एवढंच. एलिव्हेशनचं रंगीत चित्र टेबलावर येईल तेव्हा काचेचा रंग निवडत बसू नका. पश्चिमेची ओसरी किती फूट खोल आहे ते विचारा. दहाच्या खाली असेल तर नकाशा परत पाठवा. काचेचे पैसे तिकडे वळवा आणि भिंतीला धरून एक लांब दगडी ओटा बांधा. पिण्याच्या पाण्याचा नळ त्या ओट्याच्या टोकालाच हवा, मागच्या बोळात नको.