५८ मिनिटांचा हिशेब



परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही, तर तो काही रोग नव्हे. शेवटचा पेपर टाकून घरी आलात की भर दुपारी डोळे मिटू लागतात. पण आठवड्यातून निदान तीन रात्री, आणि तेही तीन महिने किंवा अधिक काळ, वेळेवर अंथरुणाला पाठ टेकूनही झोप येत नाही किंवा मध्येच मोडते, आणि त्यापायी दुसरा दिवस वाया जातो, अशी स्थिती झाली की डॉक्टर तिला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. अशा एखाद्या गृहस्थांना कोणी नवी गोळी दिली आणि ते सकाळी म्हणाले, ‘‘वा! काल छान झोप लागली!’’ तर ती गोळी गुणकारी ठरली का?

तुमच्यापैकी बरेच जण ‘हो’ म्हणतील. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. का, ते समजून घेण्यासाठी आधी वर्गात एक गंमत करून पाहा.

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने एकदा फासा टाकावा. ज्यांना एक किंवा दोन पडले ते आपले ‘रोगी’. असे साधारण वीस जण निघतील. त्यांना गुळाचा एकेक खडा खायला द्या आणि पुन्हा फासा टाकायला सांगा. त्या विसांपैकी तेरा-चौदा जणांना आता तीन किंवा त्याहून जास्त पडेल. गुळाचा काय हा प्रभाव! गूळ दिला नसता तरी तेवढेच जण सुधारले असते, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. आपण मुळात निवडलेच होते ते कमी पडलेले लोक. दुसऱ्या खेपेला बहुतेकांना वर जाण्यावाचून गत्यंतरच नव्हते.

निद्रानाशाचे तसेच आहे. झोप रोज सारखी नसते. काही आठवडे बरे जातात, काही फार वाईट. माणूस डॉक्टरांकडे जातो तो अगदी हैराण झाल्यावर, म्हणजे वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा आपोआपच थोडा बरा असण्याचा संभव असतो. त्यात भर म्हणजे औषध मिळाल्याचा धीर, कोणीतरी आपली विचारपूस करीत असल्याचे समाधान आणि रोज ठरावीक वेळी अंथरुणावर पडण्याची लागलेली शिस्त. या साऱ्याचे श्रेय एकटी गोळी पदरात पाडून घेते.

ते श्रेय वेगळे काढायचे कसे? त्यासाठी रोग्यांचे गट करतात. कोणी कोणत्या गटात जायचे ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगावर सोडतात. एका गटाला खरी गोळी, तर दुसऱ्याला दिसायला तशीच, पण औषध नसलेली लुटुपुटीची गोळी देतात. शास्त्रज्ञ हिला ‘प्लॅसिबो’ म्हणतात. कोणाला काय मिळाले हे रोग्याला माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते.

एक खरे उदाहरण पाहू. १९९८ साली मेंदूतील ‘ओरेक्झिन’ या द्रव्याचा शोध लागला. हे द्रव्य आपल्याला जागे ठेवते. मग शास्त्रज्ञांच्या मनात आले की, झोप आणणाऱ्या यंत्रणेला जोर देण्याऐवजी जागे ठेवणारी ही यंत्रणाच थोडी मंद केली तर? त्या विचारातून निघालेल्या औषधांपैकी एक म्हणजे डॅरिडोरेक्झंट. अमेरिकेत त्याला जानेवारी २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्यापूर्वीच्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत ९३० रोगी होते. त्यांचे ३१० जणांचे तीन गट केले होते. एका गटाला ५० मिलिग्रॅम, दुसऱ्याला २५ मिलिग्रॅम आणि तिसऱ्याला लुटुपुटीची गोळी. सुरुवातीला ही मंडळी आपल्या टिपणवहीत रात्री सरासरी सव्वापाच तासांच्या आसपास झोप नोंदवीत होती.

तीन महिन्यांनी ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची नोंदवलेली झोप सरासरी ५८ मिनिटांनी वाढली होती. जवळजवळ एक तास! जाहिरातवाल्याने एवढेच सांगितले असते. पण लुटुपुटीच्या गोळीवर असलेल्यांची झोप किती वाढली असेल? ३८ मिनिटांनी. म्हणजे ५८ पैकी गोळीच्या खऱ्या कमाईची मिनिटे साधारण २०. बाकीची ३८ मिनिटे गुळाच्या खड्याची.

औषध खोटे आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. डोक्याला तारा लावून, मेंदूच्या विद्युत्-लहरींवरून झोप मोजली, तेव्हा झोप लागल्यानंतर मध्येच जागे राहण्याचा वेळ पहिल्या महिन्यात लुटुपुटीच्या गटात फक्त ६ मिनिटांनी घटला होता आणि ५० मिलिग्रॅमच्या गटात २९ मिनिटांनी. फरक खराच आहे, आणि रात्र रात्र छताकडे पाहत काढणाऱ्याला वीस मिनिटांचेही मोल असते. पण तो एक तासाचा नाही.

आता कोणी विचारील, की आजाऱ्याला तीन महिने औषध नसलेली गोळी द्यायची, ही फसवणूक नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. मलाही तो बराच काळ टोचत असे. पण चाचणीत येणाऱ्याला आधीच सांगावे लागते की तुमच्या वाट्याला कोणतीही गोळी येऊ शकेल, आणि वाटेल तेव्हा तुम्ही बाहेर पडू शकता. हे सांगितले नाही तर ती फसवणूक होईल. शिवाय तुलना न करता औषध विकले तर सगळ्या जनतेवरच, तिला न विचारता, प्रयोग केल्यासारखे होते. पश्चिम जर्मनीत हे घडले. १९५७ साली तेथे थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध अगदी निर्धोक म्हणून विनाचिठ्ठी विकले जाऊ लागले. गरोदर स्त्रियांनी ते घेतले. १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढून घेईपर्यंत हजारो मुले हातापायांची वाढ न होता जन्माला आली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी ‘पुरावा अपुरा आहे’ असे म्हणत परवानगी रोखून धरली, म्हणून तो देश बराचसा वाचला. १९६२ साली तेथे कायदा झाला आणि औषधाचा गुण नीट चाचण्यांनी सिद्ध करणे सक्तीचे ठरले.

झोपेच्या औषधाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे सकाळ. झोप हवी असते ती दुसऱ्या दिवसासाठी. झोल्पिडेम या प्रसिद्ध गोळीला अमेरिकेत १९९२ साली परवानगी मिळाली होती. २०१३ साली तेथील औषध खात्याने स्त्रियांसाठी शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅम केली. गोळी घेतल्यानंतर आठ तासांनीही, वाहन चालवण्यात धोका यावा एवढे औषध शंभरातील सुमारे १५ स्त्रियांच्या रक्तात सापडत होते. पुरुषांत हे प्रमाण ३ होते. कारण स्त्रियांच्या शरीरातून ते अधिक सावकाश बाहेर पडते. एवढी साधी बाब ध्यानी यायला वीस वर्षे लागली! डॅरिडोरेक्झंटच्या चाचणीत रोग्यांना ‘दिवस कसा गेला, पेंग येत होती का’ हेही पद्धतशीर विचारले होते, हे मला विशेष आवडले. तेथे ५० मिलिग्रॅमच्या गटाला लुटुपुटीच्या गटापेक्षा स्पष्टपणे बरे वाटले; २५ मिलिग्रॅमच्या गटात तसा फरक सिद्ध झाला नाही.

तरीही माझी एक तक्रार उरतेच. परवानगीसाठीच्या त्या दोन्ही मोठ्या चाचण्यांत नव्या गोळीची झुंज लावली होती ती फक्त लुटुपुटीच्या गोळीशी. धावण्याच्या शर्यतीत उभ्या असलेल्या माणसाला मागे टाकावे, तसे हे झाले. रोग्याला आणि त्याच्या डॉक्टरांना हवे असते ते वेगळेच, की जे उपाय आज हाती आहेत त्यांच्यापेक्षा ही गोळी बरी का? आणि असे उपाय आहेत. झोप येत नसेल तर अंथरुणातून उठणे, सकाळी ठरल्या वेळीच जागे होणे, पडून राहण्याचा वेळ मुद्दाम कमी करणे आणि झोपेविषयीच्या धास्तीवर तज्ज्ञाशी बोलणे, अशी काही आठवड्यांची एक शिकवणी असते. अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली दीर्घकालीन निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच शिकवणी द्यावी असे सांगितले. म्हणून परवानगी देणाऱ्यांनी यापुढे चाचणीत तिसरा गट मागावा, आणि त्या गटाला ही शिकवणी द्यावी. शिवाय गोळी आणि शिकवणी दोन्ही थांबवल्यावर सहा महिन्यांनी कोणाची झोप टिकली, हेही मोजून पाहावे.