गोल्फचे मैदान आणि कुळाची जमीन

एखाद्या भागात गोल्फ रिसॉर्ट येणार म्हटले की सांगायचा हिशेब ठरलेला असतो. गोल्फ खेळायला येणारा पर्यटक साध्या पर्यटकापेक्षा जास्त खर्च करतो, महागड्या हॉटेलात उतरतो, चार दिवस जास्त राहतो. हे खोटे नाही. म्हणूनच आपल्या केंद्रीय पर्यटन मंत्रालयानेही गोल्फला खास पर्यटनाच्या यादीत बसवून प्रोत्साहन दिले. पण पर्यटकाने किती खर्च केला हा अर्धाच हिशेब झाला. तो पैसा कुणाच्या खिशात गेला आणि त्यासाठी कुणाची जमीन गेली, हा उरलेला अर्धा हिशेब आपल्याला मांडावा लागतो, कारण दुसरे कोणी तो मांडत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा प्रकल्पांना विरोध करणाऱ्यांच्या भाषणात ‘आपले सुंदर गाव, आपली काळी आई’ असे बरेच येते. तो सूर आपला नाही. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याचे जे वर्णन केले ते आपण विसरलेलो नाही. ज्या गावात आजोबांना पाणवठ्यावर जाता येत नव्हते, ते गाव जसेच्या तसे जपावे असे मला मुळीच वाटत नाही. गावकीतून सुटून एखाद्या पोराला पगाराची नोकरी मिळत असेल तर मी टाळ्याच वाजवीन. प्रश्न एवढाच आहे, की ती मिळते का?

स्कॉटलंडचे उदाहरण घेऊ, कारण तिथले आकडे उघड आहेत. ॲबरडीनजवळच्या मेनी इस्टेटीवर डोनाल्ड ट्रम्प यांनी गोल्फ रिसॉर्ट जाहीर केला. एक अब्ज पौंडांची गुंतवणूक आणि 6,000 रोजगार असे सांगितले गेले. जागा म्हणजे समुद्रकाठच्या सरकत्या वाळूच्या टेकड्या, शास्त्रीय महत्त्वामुळे संरक्षित. 2007 मध्ये स्थानिक परिषदेच्या समितीने परवानगी नाकारली. मग सरकारने प्रकरण स्वतःकडे ओढून घेतले आणि 2008 मध्ये आर्थिक लाभाचे कारण देऊन मंजुरी दिली. 2012 मध्ये मैदान सुरू झाले. त्यानंतर वर्षामागून वर्षे कंपनीच्या हिशेबात तोटाच दिसला. नोकऱ्या हजारांत कधी गेल्याच नाहीत, शंभराच्या आसपास घुटमळल्या. 2020 मध्ये त्या टेकड्यांचा संरक्षित दर्जाही गेला, कारण ज्यासाठी तो दिला होता ते तिथे फारसे उरले नव्हते. आणि हे कुठे घडले? जिथे लोक शिकलेले आहेत, वर्तमानपत्रे जागी आहेत आणि शेतकरी अब्जाधीशाला तोंडावर ‘नाही विकत’ म्हणू शकतो तिथे.

ज्या नोकऱ्या येतात त्यांचे स्वरूपही बघा. गवत कापणे, खोल्या झाडणे, दारावरचा पहारा, आणि दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन उन्हात चालणारा कॅडी. हाँगकाँगच्या एका गोल्फ क्लबच्या कॅडीचा खटला 1997 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. क्लबने त्याला नंबर दिला होता, गणवेश दिला होता, लॉकर दिले होते, फेरीचा दरही क्लबच ठरवत होता. तरी बहुमताने निकाल लागला की तो क्लबचा कर्मचारी नाही. कर्मचारी नाही म्हणजे नोकरी गेल्यावरची भरपाई नाही, काही नाही. आपल्याकडेही अनेक ठिकाणी कॅडीला त्या दिवशीच्या फेरीचेच पैसे मिळतात. बलुतेदारी मोडायला आपल्या माणसांनी आयुष्ये खर्ची घातली, ती काय नव्या मालकाची बॅग उचलण्यासाठी? आत कुणाला बसू द्यायचे याचीही एक पद्धत असते. 2017 मध्ये दिल्लीच्या एका नामांकित गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून जेवायला गेलेल्या खासी महिलेला तिचा पारंपरिक पोशाख ‘मोलकरणीसारखा’ दिसतो म्हणून उठवले गेले. पुढे क्लबने माफी मागितली, हा भाग वेगळा.

आता जमिनीकडे येऊ. अठरा होलच्या एका मैदानाला साधारण 50 ते 60 हेक्टर जागा लागते. गोव्याच्या उत्तर टोकाला, सिंधुदुर्गाला लागून असलेल्या तेरेखोल गावात हाच वाद पेटला. जमीन भाटकाराची, कसणारी कुळे काजू पिकवणारी, आणि गोल्फ रिसॉर्टसाठी ती घेणारी कंपनी. गोव्यात 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालकीचा हक्क दिला. 1991 च्या भू-वापर कायद्याने कुळांना मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला बंदी घातली. कुणीतरी हा धोका आधीच ओळखला होता म्हणायचे. तरीही कुळांना कोर्टाची पायरी चढावी लागली. शेजारच्याच कोकणातील खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. नव्वद वर्षे होत आली. खोत गेला असे आपण म्हणतो खरे.

आणि महाराष्ट्रातला आपला भूमिहीन? त्याच्याकडे कूळ कायद्याचा आधारही नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, माणसे तुरुंगात गेली. आजही पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या गायरानावर आपली झोपडी असली की तिला ‘अतिक्रमण’ म्हणतात. तीच जमीन कंपनीला हवी असली की ती ‘गुंतवणुकीसाठी उपलब्ध’ होते. पाण्याचेही तेच. थायलंडसारख्या उष्ण देशात एक गोल्फ मैदान 60,000 गावकऱ्यांना पुरेल इतके पाणी पिते, असा अंदाज पर्यटनावरच्या लिखाणात वर्षानुवर्षे दिला जातो. त्याच्या निम्मे धरले तरी चवदार तळ्याच्या लेकरांनी विचारायला हवे की टँकर आमच्या वस्तीला आणि पाइपलाइन गवताला, असे का?

म्हणून तुमच्या तालुक्यात असा प्रकल्प आलाच तर ग्रामसभेला घोषणा देत जाऊ नका, सातबारा आणि गायरानाची नोंद घेऊन जा. जमीन विकत मागतात की भाडेपट्ट्याने, हे विचारा. भाडेपट्ट्याने असेल तर भाडे कसणाऱ्याच्या नावावर येणार का? खासगी नोकरीत आरक्षण नाही, तेव्हा किती स्थानिक दलित-आदिवासींना, कोणत्या हुद्द्यावर, भविष्यनिर्वाह निधीसह घेणार, हे करारात लिहून मागा. पाणी कुठून उचलणार आणि किती, तेही. उत्तर तोंडी मिळाले तर ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि सह्या झाल्याशिवाय उठू नका.